सरकारला भीती कुणाची?

पुसेगाव म्हटले की बाहेरच्या माणसाला सातारा जिल्ह्यातले सेवागिरी महाराजांचे पुसेगाव आठवते. हे ते नव्हे. हे हिंगोली जिल्ह्यातले, सेनगाव तालुक्यातले, सोयाबीन-तूर-हळदीचे पुसेगाव. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीनंतर इथे राजकारणाचा विषय निघाला की एकच वाक्य ऐकू येते: "आता काय, सगळं त्यांचंच आहे." ज्यांनी महायुतीला मत दिले त्या बायकाही ते म्हणतात आणि ज्यांनी दिले नाही त्याही. सुरात फरक असतो, एवढेच. हे वाक्य खरे आहे का, आणि खरे असेल तर ते बायकांच्या दृष्टीने किती काळजीचे आहे, याचा विचार आपण केला पाहिजे. राजकीय पंडितांना त्याची काळजी वेगळ्या कारणांनी वाटते. त्यांची कारणे आपली नाहीत.

आधी आकडे पाहू. नोव्हेंबर २०२४ मध्ये २८८ पैकी भाजपला १३२, शिंदे यांच्या शिवसेनेला ५७ आणि अजित पवार यांच्या राष्ट्रवादीला ४१ जागा मिळाल्या. तिघांच्या मिळून २३०. समोर ठाकरे यांची शिवसेना २०, काँग्रेस १६, शरद पवार यांची राष्ट्रवादी १०, मिळून ४६. विरोधात एकाही पक्षाला एक दशांश जागा नाहीत, म्हणून विरोधी पक्षनेतेपद नाही, असे सांगण्यात आले आणि २०२५ ची अधिवेशने विधानसभेत त्या पदाविनाच उरकली. निवडून आलेल्या बायका २१, म्हणजे २०१९ पेक्षा तीन कमी. त्या २१ पैकी २० सत्ताधारी बाकांवर. विरोधी बाकांवर एकटी बाई, धारावीच्या ज्योती गायकवाड. बाईवर अन्याय झाला आणि तो सरकारी यंत्रणेकडून झाला, तर सभागृहात उठून सरकारला जाब विचारायला पक्षादेशाने न बांधलेली बाई म्हणजे ही एक. दोन कोटींहून अधिक 'लाडक्या बहिणी' असलेल्या राज्याची ही अवस्था!

पण जागा म्हणजे मते नव्हेत. महायुतीच्या तीन पक्षांना मते मिळाली सुमारे ४८ टक्के आणि आघाडीच्या तिघांना सुमारे ३४. म्हणजे तीन मतदारांत एक जण समोरच्यांबरोबर होता आणि सभागृहात मात्र सहा आमदारांमागे जेमतेम एक. आपली निवडणूकपद्धत अशीच आहे, थोड्या फरकाचा मोठा डोंगर करणारी. शिवाय सहाच महिन्यांपूर्वी, जूनमध्ये, याच मतदारांनी लोकसभेच्या ४८ पैकी ३० जागा आघाडीला आणि १७ महायुतीला दिल्या होत्या. सहा महिन्यांत ज्याचे पारडे इतके झुकते, त्या राज्याला कायमचे एकतर्फी म्हणणे घाईचे आहे.

आणि हिंगोलीकरांनी तर हे वाक्य मुळीच बोलू नये! आपल्या लोकसभा मतदारसंघाचा इतिहास आठवून पाहा. १९९१ मध्ये विलास गुंडेवार, १९९६ मध्ये शिवाजी माने, १९९८ मध्ये सूर्यकांता पाटील, १९९९ मध्ये पुन्हा माने, २००४ मध्ये पुन्हा सूर्यकांताताई, २००९ मध्ये सुभाष वानखेडे, २०१४ मध्ये राजीव सातव, २०१९ मध्ये हेमंत पाटील, २०२४ मध्ये नागेश पाटील आष्टीकर. या सगळ्या काळात सलग दोनदा कुणालाही पाठवलेले नाही. २०१४ मध्ये देशभर मोदींची लाट असताना महाराष्ट्रात काँग्रेसच्या अवघ्या दोन जागा आल्या, नांदेड आणि हिंगोली. हिंगोलीची आली १,६३२ मतांनी. एवढी मते तर आपल्या एखाद्या मोठ्या गावात असतात. या मुलखाने लाटेला पाठ दाखवली आहे आणि लाटेवर बसून आलेल्याला पुढच्या खेपेला घरीही बसवले आहे.

विधानसभेचे चित्र निराळे. हिंगोली विधानसभेत, ज्यात आपले पुसेगाव येते, २०१४ पासून तिन्ही वेळा भाजपचे तान्हाजी मुटकुळेच निवडून आले आहेत. पण २०२४ मध्ये त्यांच्यानंतर दुसऱ्या क्रमांकावर एक बाई होती, ठाकरे यांच्या शिवसेनेच्या रूपाली पाटील गोरेगावकर. फरक दहा-अकरा हजारांचा होता. मोठा आहे, पण डोंगर नाही.

तेव्हा चुरस मेलेली नाही. ती झाकली गेली आहे. प्रश्न असा की ती वर कशी येते. याचे उत्तर शोधायला परदेशात जायची गरज नाही. मेक्सिकोत एकच पक्ष ७१ वर्षे सत्तेवर होता आणि २००० मध्ये हरला, एवढे सांगितले तरी पुरे. आपल्याकडे याहून जवळचे उदाहरण आहे.

१९७२. विधानसभेच्या २७० जागा, त्यांत काँग्रेस २२२. मते ५६ टक्के. आजच्या महायुतीलाही इतकी मिळालेली नाहीत. सगळ्यात मोठा विरोधी पक्ष शेतकरी कामगार पक्ष, त्याचे आमदार सात. (त्या सातांचे नेते दि. बा. पाटील विरोधी पक्षनेते होते. त्याआधी १९६२ मध्ये काँग्रेसला २१५ जागा असताना शेकापच्या १५ आमदारांचे नेते कृष्णराव धुळप यांनाही ते पद मिळाले होते. तेव्हा दहा टक्क्यांचा हिशेब कुणी मांडला नव्हता. आज वीस आमदारांना नाही म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावे.) त्या काळी कुणी विचारले असते की महाराष्ट्रात काँग्रेस कधी हरेल, तर लोक हसले असते. साखर कारखाना, जिल्हा बँक, पंचायत समिती, शाळेची संस्था सगळीकडे तोच पक्ष. विरोध म्हणून जो काही होता तोही बहुतेक काँग्रेसच्या आत, एका गटाचा दुसऱ्या गटाला.

मग १९७२ चा दुष्काळ आला. मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या बायकांना तो अजून आठवतो, खडी फोडण्याची कामे आणि सुकडी. त्याच वर्षी मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली. पक्ष वेगवेगळे, समाजवादी आणि कम्युनिस्ट. एरवी एकमेकींच्या सभेला न जाणाऱ्या. पण रेशनवर साखर नाही, तेल नाही, रॉकेल नाही, या प्रश्नावर एकत्र आल्या. हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, थाळ्या बडवल्या. पेपरवाल्यांनी आधी गंमत केली. मंत्र्यांना मात्र गंमत वाटली नाही. त्याच सुमारास धुळे जिल्ह्यात शहाद्याला श्रमिक संघटनेच्या आदिवासी बायका दारूची मडकी फोडत होत्या. सभागृहात २२२ होते आणि रस्त्यावर ह्या होत्या.

या काळात बायकांना काय मिळाले? रोजगार हमी. दुष्काळी कामांवर येणाऱ्या मजुरांत निम्म्याच्या आसपास बायका होत्या. काम मागणे हा हक्क आहे हा विचार वि. स. पागे यांचा, पण तो विचार कायदा व्हावा यासाठीचा रेटा गावोगावच्या मोर्च्यांचा. १९७७ मध्ये कायदा मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. गावात काम मागा, पंधरा दिवसांत द्या, नाही तर भत्ता द्या, आणि लहान लेकरे असतील तर कामावर त्यांना सांभाळायची सोय करा. अंमलबजावणी कशी झाली ते आपल्याला ठाऊकच आहे. पण सबंध देशाला २००५ मध्ये जो कायदा मिळाला, त्याची मुळे या एकतर्फी विधानसभेच्या काळातली आहेत.

आणि निवडणुकीत? १९७७ मध्ये लोकसभेच्या ४८ पैकी काँग्रेसला २० जागा मिळाल्या. मृणालताई आणि अहिल्याताई दोघीही मुंबईतून निवडून गेल्या. "पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में" ही घोषणा तेव्हाची. पुढच्या वर्षी, १९७८ मध्ये, विधानसभेत जनता पक्षाला ९९, एका काँग्रेसला ६९, दुसरीला ६२. सहा वर्षांत २२२ ची ही गत. आणीबाणी झाली नसती तर हे घडले असते का? बहुधा इतक्या लवकर नाही. काँग्रेस फुटली नसती तर? तेही नाही. नुसत्या लाटण्यांनी सरकार पडले असे म्हणणे म्हणजे आपणच आपली आरती ओवाळणे होईल. पण आणीबाणीनंतर लोकांना मत द्यायला कुणीतरी ओळखीचे माणूस लागते. पाच वर्षे नळासाठी, रेशनसाठी जी बाई त्यांच्याबरोबर उभी राहिली होती, ती त्यांना ओळखीची होती. संधी वरून येते. ती पेलणारी माणसे खालीच तयार व्हावी लागतात.

इथे मला जे म्हणायचे आहे ते सांगते. आपल्याला, बायकांना, चुरस हवी असते ती कोण जिंकले हे बघण्यासाठी नव्हे. सरकारला आपली भीती वाटावी म्हणून. ती भीती वाटते तेव्हाच आपल्याकडे बघितले जाते. १९९० मध्ये काँग्रेसला २८८ पैकी १४१ जागा मिळाल्या, बहुमताला चार कमी. शिवसेना-भाजप युती अंगावर येत होती. त्याच पाच वर्षांत राज्य महिला आयोग आला, १९९४ मध्ये पहिले महिला धोरण आले, आणि २२ जून १९९४ पासून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका वाटा देणारी दुरुस्ती लागू झाली. (आधी लग्न झालेल्या लेकींना वगळून. ती मेख होतीच.) स्त्री चळवळीने १९७५ पासून जे मागितले त्यातले थोडे १९९४ ला मिळाले. मागणी आपली होती, पण वेळ निवडणुकीने ठरवली.

आता २०२४ पाहा. ४ जूनला लोकसभेचा निकाल. २८ जूनला अर्थसंकल्पात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण'. मधे चोवीस दिवस! जुलैपासून महिना १५०० रुपये, २१ ते ६५ वर्षांच्या, अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या बायकांना. पुसेगाव-सेनगाव भागात या पैशांनी काय केले ते हिणवून सांगण्यात अर्थ नाही. निंदणीच्या रोजावर जगणाऱ्या बाईच्या नावावर, तिच्या खात्यात, नवऱ्याच्या हाताला न लागता दर महिन्याला पैसे येणे ही मोठी गोष्ट आहे. ज्यांना ती भीक वाटते त्यांनी एकदा बँकेच्या रांगेत उभे राहून त्या बायकांचे चेहरे पाहावेत. बायकांचे मतदान २०१९ मध्ये ५९ टक्क्यांच्या आसपास होते, ते २०२४ मध्ये ६५ च्या वर गेले. त्या विकल्या गेल्या असे म्हणणाऱ्या विरोधकांनी स्वतः ३००० रुपये कबूल केले होते, हे ते सोयीने विसरतात.

पण पुढचे पाहा. निवडणुकीत २१०० चा शब्द दिला. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात २१०० दिसले नाहीत. निवडणुकीपूर्वी अर्ज सरसकट मंजूर झाले. निवडणूक संपल्यावर चाळणी लागली. जून २०२५ च्या हप्त्यापासून सुमारे २६ लाख नावांचे पैसे थांबवल्याचे मंत्री अदिती तटकरे यांनी सांगितले. त्यात पुरुषांचीही नावे निघाली, ती काढलीच पाहिजेत. पण उरलेल्यांत चूक कुणाची, कागदाची की बाईची, हे विचारायला कुणाकडे जायचे? मग केवायसी, अंगठा, ओटीपी. सोयाबीनचेही तसेच. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४८९२ होता, बाजारात तोही मिळत नव्हता, आणि प्रचारात ६००० चा शब्द होता. जूनमध्ये भीती वाटली तेव्हा हात सैल झाला, नोव्हेंबरनंतर भीती गेली तेव्हा तपासणी सुरू झाली. यात एखादा पक्ष विशेष वाईट आहे असे नाही. निर्धास्त झालेले कुठलेही सरकार असेच वागते.

म्हणून "सगळं त्यांचंच आहे" हे वाक्य मला खटकते. आपणच ते बोलून सरकारची भीती घालवतो.

पण १९७२ आणि आज यांत एक मोठा फरक आहे आणि तो झाकून चालणार नाही. तेव्हा विरोधी पक्ष लहान होता, पण तो ज्याचा त्याचा होता. आता पक्षच्या पक्ष उचलून नेता येतो. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी. नाव आणि चिन्हही निवडणूक आयोगाने फुटून गेलेल्या गटाला दिले. आपण धनुष्यबाणाला मत देतो की उद्धवला, घड्याळाला देतो की शरद पवारांना, हे ठरवताना गावाकडच्या मतदाराचा जो गोंधळ झाला तो सगळ्यांनी पाहिला. ज्या माणसाला विरोधात बसायला पाठवले, तो सकाळी उठून सत्तेत गेलेला असतो. मग मत देऊन उपयोग काय, असे बाईला वाटले तर तिला अडाणी म्हणता येणार नाही.

दुसरा फरक आपल्या जास्त जवळचा. हिंगोलीसह राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तिथे प्रशासक बसले. ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात, प्रभागरचनेचा वाद कोर्टात. शेवटी ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घ्या म्हणून सांगावे लागले. या तीन वर्षांत नुकसान कुणाचे झाले? जिल्हा परिषदेत आणि पंचायत समितीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. आमदारकीचे तिकीट बाईला मिळत नाही, पण ही निम्मी जागा कायद्याने तिचीच. सरपंच, मग पंचायत समिती, मग जिल्हा परिषद, या पायऱ्यांनी बाई वर चढते. मधल्या दोन पायऱ्याच काढून घेतल्या. पाच वर्षांपूर्वी सदस्य म्हणून बोलायला शिकलेली बाई पुन्हा चुलीपाशी गेली आणि तिच्या खुर्चीत साहेब बसले. यावर कुठल्याही पक्षाने, सत्तेतल्या की विरोधातल्या, बायकांच्या बाजूने मोर्चा काढल्याचे माझ्या ऐकिवात नाही. ओबीसींच्या जागांवर बोलले, प्रभागांवर बोलले, पण निम्म्या बायका घरी बसल्या हा मुद्दा कुणालाच दिसला नाही.

इथे विरोधी पक्षांबद्दलही दोन शब्द बोलावे लागतील. चुरस परत यावी अशी त्यांची इच्छा आहे, पण ती सरकारच्या चुकांनी यावी, आपल्याला उन्हात जावे लागू नये, असे त्यांच्या वागण्यावरून दिसते. पंधराशेला तीन हजार हे उत्तर म्हणजे लिलावात बोली वाढवणे झाले. बाईने विचारले की हळद शिजवायच्या हंगामात आम्हाला रोज किती, ऊसतोडीला जोडीने उचल घेतली तर त्यात माझा वाटा कुठला, दवाखान्यात बाळंतपणाला डॉक्टर कधी असतो, तर या प्रश्नांवर दोन्ही बाजूंना एकच उत्तर येते, म्हणजे काहीच येत नाही. संसदेने २०२३ मध्ये बायकांना एक तृतीयांश जागा देणारी घटनादुरुस्ती केली आणि मंजूर करतानाच तिला जनगणनेची आणि मतदारसंघ पुनर्रचनेची अट घातली. पण आपापल्या यादीत एक तृतीयांश तिकिटे बायकांना द्यायला कुठल्या पक्षाला कुणी अडवले होते? २०२४ मध्ये दोन्हीकडून कुणीही दिली नाहीत.

राज्य पुन्हा चुरशीचे होईल का, तर होईल. हिंगोलीचा अनुभव आणि १९७८ चा इतिहास पाहता मला त्यात फार शंका नाही. निमित्त काय असेल ते सांगता येत नाही. दुष्काळ असेल, सत्तेतल्या तिघांतले भांडण असेल, किंवा आज ध्यानीमनी नसलेले काही. पण ती चुरस कोणत्या प्रश्नावर होईल? जातीवर, धर्मावर, हप्त्याच्या रकमेवर, की रोजावर, पाण्यावर, दवाखान्यावर? १९७२ मध्ये तो प्रश्न रेशनचा झाला, कारण काही बायकांनी दोन-तीन वर्षे तो लावून धरला. नाही तर तीच चुरस दुसऱ्या कशावर झाली असती आणि आपण पुन्हा प्रेक्षकच राहिलो असतो.

"हप्ता चालू हाय तवर कशाला वंगाळ बोलायचं, ताई?" असे बचत गटाच्या बैठकीत बायका मला म्हणतात. त्यांचे बरोबर आहे. बोलले तर नाव कापतील ही भीती आहे. बाईला सरकारची भीती आणि सरकारला बाईची नाही, अशी उलटी गंगा सध्या वाहते आहे. एकटीने बोलू नये हेही खरे. त्यासाठीच कायद्याने ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा ठेवली आहे. ती बहुतेक गावांत कागदावर होते. शिपाई घरोघरी रजिस्टर फिरवतो आणि आपण उंबऱ्यात उभे राहून सही किंवा अंगठा करतो. या खेपेला तो आला तर सही करायची नाही. सभा कधी आहे ते विचारायचे, तारीख लेखी मागायची आणि सगळ्यांनी मिळून जायचे. तिथे दोन ठराव मांडायचे: 'लाडकी बहीण'मधून गावातली जी नावे कमी झाली ती कारणासह वाचून दाखवावीत, आणि रोजगार हमीचे काम किती बायकांनी मागितले, किती जणींना मिळाले, याचा हिशेब ठेवावा. ठरावाची नक्कल मागून घ्यायची. एक आमदारांना पाठवायची, एक खासदारांना, आणि एक विधानसभा निवडणुकीत दुसऱ्या क्रमांकावर राहिलेल्या ताईंना.